सबक, सबकी, मंझिल आणि मोबाईलमधली पत्ती



गेल्या महिन्यात साताऱ्यात बोललो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "सर, जर्मन शिकायला कुठलं ॲप चांगलं?" आज सांगलीतही तोच प्रश्न येणार, म्हणून आधी एका ॲपचीच फजिती सांगतो.

माझ्या खालाची मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. ती बातमी वाचून तिने जर्मन सुरू केलं. मी हौसेने तिच्या मोबाईलवर 'अंकी' टाकून दिलं. अंकी हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. 2006 पासून असलेलं हे ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट मिळतं. पत्तीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर ती पत्ती काही दिवसांनी पुन्हा येते, नाही आठवला तर लगेच.

तिने उत्साहाने रोज पन्नास नवे शब्द घेतले. मग रमजान आला, घरात लग्न निघालं, तीन आठवडे गेले. पुन्हा उघडलं तर नऊशेच्या वर पत्त्या थकलेल्या. मला म्हणाली, "भाई, मेरे को याद नई रहता. मेरे बस का नई ये." चूक तिच्या डोक्याची नव्हती. माझी होती. मी ॲप दिलं, पद्धत सांगितली नाही.

पद्धत जुनी आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि 1885 साली छापलं. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू, असं आपण विसरतो. प्रत्येक उजळणीनंतर विसरण्याचा वेग कमी होतो. 1972 मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी त्यावर खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. आठवलेली पत्ती पुढच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्या कप्प्यात. अंकी तेच करतं, फक्त हिशेब मोबाईल ठेवतो.

पण आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणी हाफिज आहे, त्यांना यात नवं काय वाटेल? हिफ्ज करणाऱ्या मुलाचे रोज तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला, मंझिल म्हणजे जुना. मंझिल कच्ची असेल तर उस्ताद नवा सबक देत नाहीत. माझ्या बहिणीला मी एवढं एकच वाक्य सांगायला हवं होतं: थकलेल्या पत्त्या संपल्याशिवाय नवी पत्ती नाही.

एक फरक मात्र ठेवायचा. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अरबी पाठ केली ती अर्थाशिवाय. परक्या भाषेत तसं चालणार नाही. उद्या पेशंट विव्हळत असेल तेव्हा शब्द नुसता पाठ असून उपयोग नाही, तो कळायला हवा. म्हणून पत्तीवर एकटा शब्द नको, छोटं वाक्य हवं आणि ते स्वतः लिहिलेलं हवं.

आता अर्थ कोणत्या भाषेत लिहायचा? तयार पत्त्यांवर बहुतेक इंग्रजी असते. मराठी माध्यमाच्या मुलीला मग दोन परक्या भाषा एकदम ओढाव्या लागतात. आपण मराठीत लिहूया. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत: डेर, डी, डास. (हा डास चावत नाही.) इंग्रजीवाला इथे अडखळतो, कारण त्याच्याकडे वस्तूंना लिंगच नाही. घरी बोलतो त्या आपल्या बोलीत दोनच. पण मराठीत तो, ती, ते तिन्ही आहेत. डी वुंडे म्हणजे ती जखम. डास ब्लुट म्हणजे ते रक्त. जमलं! पण डास फीबर म्हणजे तो ताप. इथे मराठी दगा देते. अशा दगा देणाऱ्या शब्दांना वेगळा रंग द्या. परीक्षेत तेच नडतात.

आपली मराठी 'परकी' आहे असं आपल्याला बाहेरचे ऐकवतात, कधी घरचेही. शाळेत आपण 'हजर' म्हणतो, हजेरी देतो. हजर, हजेरी, हुजूर, हजरत ही सगळी एकाच अरबी धातूची माणसं. उद्या अरबी शिकाल तेव्हा असे कितीतरी शब्द मराठीने आधीच शिकवलेले सापडतील. दोन भाषांच्या घरात वाढणं हे वैगुण्य नाही, भांडवल आहे.

हिशेब सोपा आहे. गोएथे संस्थेच्या शब्दयाद्या फुकट मिळतात. ए 1 ला साधारण 650 शब्द, बी 1 ला साधारण 2400. रोज दहा नवे घेतले तर आठ महिने. उच्चारासाठी डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' हा अभ्यासक्रम ए 1 पासून बी 1 पर्यंत मोफत आहे. पण नर्सला साधारणपणे बी 2 लागते, आणि पत्त्या बोलायला शिकवत नाहीत. त्यासाठी समोर माणूस हवा. दोघी-तिघींनी रोज पंधरा मिनिटं एकमेकींशी बोला, चुका, हसा. आणि एजंटाला पैसे देण्याआधी कागद चार जणांना दाखवा.

शेवटचं, इथे बसलेल्या भावांना आणि अब्बांना. माझ्या बहिणीच्या उजळण्या थकल्या त्याला आणखी एक कारण होतं, ते तिने मला नंतर सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मोबाईल भावाकडे होता. 'मुलीच्या हातात कशाला' म्हणून. मोबाईल तिच्या हातात नसेल तर तुम्ही कितीही चांगलं ॲप सुचवा, मंझिल कच्चीच राहणार.

ती आता रोज दहाच शब्द घेते, फजरनंतर, स्वतःच्या मोबाईलवर. जर्मनीला जाईल की नाही ते परीक्षा आणि ती ठरवेल. परवा तिने मला विचारलं, "भाई, डास मेडशेन म्हणजे मुलगी, मग ती 'ते' का?" मला उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "आपण 'ते पोर' म्हणतो ना, तसंच." ती पत्ती तिने स्वतः लिहिली. आता विसरणार नाही.