मत द्या, जीव देऊ नका

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी गोदीत हमाली करतो. कविता लिहितो. शाळा मॅट्रिकपर्यंत. तेव्हा तुम्हाला मानसशास्त्र शिकवायला मी उभा नाही. पण ओझं किती वेळ डोक्यावर धरायचं आणि कधी खाली ठेवायचं, एवढं मला कळतं. आज त्यावरच बोलतो.

निवडणूक आली की वस्तीचं काय होतं बघा. ज्या गटाराकडं पाच वर्षं कुणी फिरकत नाही, तिथं गाड्यांची रांग लागते. पोरांच्या गळ्यात पट्टा, खिशात दोन नोटा, रात्री बाटली. सकाळी घोषणा, रात्री दोनला पोस्टरं. बाप एका पक्षात, पोरगा दुसऱ्या. भाऊ भावाच्या ताटाला शिवत नाही. मोबाईल रात्रभर कोकलतो : इथं मारलं, तिथं पुतळा फोडला. खरं की खोटं, विचारायला कुणाला सवड नाही. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, डोकं भणभणतंय. ह्याला ते लोकशाहीचा उत्सव म्हणतात. उत्सव त्यांचा, जागरण आपलं!

हा ताण आभाळातून पडत नाही. तो वाढवला जातो. थकलेला माणूस विचार करत नाही, आणि विचार न करणारा माणूस स्वस्तात मिळतो. भ्यालेली वस्ती गठ्ठ्यानं मत देते. 'कुणी कुणाला दिलं ते आम्हाला कळतं' अशी धमकी येते ना? ऐका. निकालानंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, एवढंच कागदावर येतं. तुमचं बोट कुठल्या बटणावर पडलं ते कुणाच्या बापाला कळत नाही. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हाला. घरातल्या म्हातारीला हे नीट समजावून सांगा. निम्मी भीती तिथंच उतरेल.

आणि ह्या उत्सवात मरतं कोण? १ जून २०२४ ला लोकसभेचा शेवटचा टप्पा होता. एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरची ३३ माणसं उन्हाच्या तडाख्यानं गेली. हा आकडा तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यानंच दिला. त्यात सफाई कामगार होते. उमेदवार एकही नव्हता! मुंबईनं त्याच वर्षी २० मे ला भर उन्हात रांगा लावल्या आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी पुन्हा लावल्या. निवडणुका येतच राहणार. आपलं शरीर मात्र एकच आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

झोप सोडू नका. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, तशी मोबाईललाही घाला. आलेला निरोप सकाळी वाचा, चौकशी करा, मगच पुढं ढकला. रात्रीच्या अफवेनं सकाळी आपलीच घरं जळतात.

बाटलीला हात लावू नका. ती पाजणारा मोटारीतून घरी जातो. मारामारीत नाव येतं ते आपल्या पोराचं. पुढं नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तो कागद निघतो, तेव्हा साहेब फोन उचलत नाही.

मजुरी बुडू देऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. मोजकी कामं सोडली तर रोजंदारीवाल्यालाही ती लागू आहे. मुकादमाला एकट्यानं सांगू नका, चौघांनी मिळून सांगा. उन्हात जाताना पाणी, डोक्याला फडकं. म्हाताऱ्यांना सकाळी न्या. मतदान संपायच्या वेळेला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, तेव्हा धावपळ करून कुणी चक्कर येऊन पडू नका.

छातीत धडधडतं, रात्ररात्र झोप लागत नाही, मरावंसं वाटतं, असं झालं तर आपल्या माणसाशी बोला. तेही जमेना तर १४४१६ वर फोन लावा. सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेली ही टेली-मानस सेवा फुकट आहे. बोलण्यात कसली आलीय लाज?

काही मित्र म्हणतील, हे पांढरपेशांचे चोचले झाले, चळवळीत असली काळजी कसली घेता? मी त्यांना गोदीवर बोलावतो. टोळीतला एक दमला की दुसरा पुढं होतो. दमलेला पाणी पितो, बूड टेकतो, परत उठतो. त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. कारण तो तसाच उचलत राहिला तर गोणी त्याच्यासकट दुसऱ्याच्या अंगावर येईल. प्रचारातही पाळ्या लावा. एक दिवस काम, एक दिवस घर. बायामाणसांनाही सुट्टी द्या. सभेला जाऊन येऊन पुन्हा चूल त्यांच्याच गळ्यात, हे चालणार नाही.

आणि हरलो तर? १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पडले. ज्यानं घटना लिहिली तो माणूस पडला! १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा पडले. मधुमेहानं शरीर पोखरलेलं. पण त्याच वर्षांत औरंगाबादचं मिलिंद कॉलेज उभं राहिलं, राज्यसभेत आवाज उठत राहिला, लिहिणं चालू राहिलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात इतिहास घडला. निवडणूक ही त्यांच्या कामातली एक पाळी होती. सगळं काम नव्हे.

निकालाच्या रात्री कुणी गुलाल उधळील, कुणी दार लावून रडेल. दोघांनीही जेवून झोपा. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नसेल, रेशनवर धान्य नसेल. निवडून आलेल्याची गचांडी धरून जाब विचारायला शुद्धीवरची, धडधाकट, एकमेकांशी बोलणारी माणसं लागतील. ती माणसं आपण आहोत. स्वतःला जपा. शेजाऱ्याला जपा. मत द्या, जीव देऊ नका.

जयभीम!