कलावंतांचे दूरस्थ अध्ययन-मंडळ

चित्रकार, मूर्तिकार, विणकर, छायाचित्रकार, पुस्तकांची मांडणी करणारे, बोधचिन्हे व जाहिराती यांची संकल्पना करणारे या सर्वांच्या व्यवसायात एक गोष्ट समान आहे. त्यांचे बहुतेक काम एकट्याने चालते. विद्यालयातील शिक्षण संपले, अथवा वडिलांच्या हाताखालची उमेदवारी संपली, की चूक दाखविणारा माणूस समोरून नाहीसा होतो. मुंबईपुण्यात प्रदर्शने असतात, समव्यावसायिकांच्या गाठीभेटी होतात. येवला, सटाणा, सुरगाणा येथे बसून काम करणाऱ्यास ती सोय नाही. परिणामी तो जुनेच काम पुनःपुन्हा करीत राहतो, अथवा गाव सोडून महानगराची वाट धरतो. दोन्ही परींनी नुकसान त्या कलेचे आणि त्या गावाचे होते.

आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि संगणकजाळे तालुक्याच्या गावी पोहोचले आहे. या साधनाच्या बळावर दूरदूरच्या कलावंतांना एकत्र शिकता येईल असे मंडळ उभारावयाचे, तर त्याची पायाभरणी कशी व्हावी, याचा विचार नाशिक शहराइतका अन्यत्र क्वचितच सार्थ ठरेल. दुरून शिकण्याची परंपरा या शहरात जुनी आहे.

फाळके यांचे शिक्षण

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. परंतु चित्रपटनिर्मितीचे शाळेतील शिक्षण त्या काळी या देशात कोठेच नव्हते. ‘बायोस्कोप’ या लंडनच्या व्यावसायिक साप्ताहिकाचे ते वाचक होते. १९१२ साली ते लंडनला गेले, तेव्हा ओळख अशी केवळ त्या नियतकालिकाचीच होती. संपादक कॅबर्न यांनी प्रारंभी त्यांना या धंद्यातील धोक्यांची जाणीव करून दिली आणि नंतर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले. हेपवर्थ यांनी आपल्या चित्रपटशाळेतील सर्व कामे त्यांना मोकळेपणाने पाहू दिली. परतल्यावर सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यासारखी तांत्रिक कामे शिकून घेतली आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यानंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फाळके घेऊन थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटच काढला आणि १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपले अनुभव लिहिले. दूरस्थ वाचक, मार्ग दाखविणारा संपादक, दार उघडणारा जाणकार आणि मिळालेले ज्ञान पुढे देणारा शिष्य, ही चार माणसे कोणत्याही अध्ययन-मंडळाचे चार खांब होत. साधन टपालाचे असो वा संगणकाचे, यांपैकी एकही खांब नसेल तर मांडव उभा राहत नाही.

मुक्त विद्यापीठाचा धडा

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. महाराष्ट्र शासनाने १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले. प्राचार्य राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. घर, शेत वा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हे विद्यापीठ आहे. स्वयंअध्ययनाची पुस्तके त्याने घरोघरी पोहोचविली. परंतु पुस्तके पाठवून ते थांबले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली, तेथे समंत्रक नेमले आणि ठराविक दिवशी संपर्कसत्रे ठेवली. दुरून शिकणाऱ्याला पाठाइतकीच सोबतीचीही गरज असते, हे त्यामागील सूत्र होय.

हे सूत्र विसरल्यास काय होते, तेही जगापुढे आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था व हार्वर्ड विद्यापीठ यांनी संगणकजाळ्यावर सर्वांना खुले असे अभ्यासक्रम सुरू केले. त्यांतील विद्यार्थ्यांचा एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी शेकडा चारांहूनही कमी लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केले होते. पाठ नामवंत प्राध्यापकांचे होते आणि नावनोंदणी मोफत होती. तरीही, “या आठवड्यात आपण दिसला नाहीत”, असे विचारणारे कोणी नसले, की मनुष्य वाटेतच थांबतो.

कारागिराचे शिकणे

कलावंताचे शिकणे तर पुस्तकी विद्येहून निराळेच असते. जीन लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. इस्त्री करणे, गुंड्या लावणे अशा शेवटच्या हातापासून त्या मुलांचे शिक्षण सुरू होई आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी हाती येई. तयार कपडा कसा असतो हे त्यांना प्रथम समजे, आणि चूक झाली तरी नुकसान थोडे होई. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली या अनुभवावरून असे प्रतिपादन केले की, जाणत्यांच्या मंडळीत कडेला बसून प्रत्यक्ष कामात हळूहळू शिरत जाणे, हेच खरे शिकणे होय.

येवल्याच्या विणकराला हे नवे वाटणार नाही. पैठणीच्या पदरावरील मोर वा कोयरी विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी चालते, ताण्याचे धागे मोजून बाणा गुंफावा लागतो आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी लागते. ही विद्या मागाशेजारी बसूनच येते. परंतु आजच्या तरुण विणकरापुढील अनेक प्रश्न घरच्या मागावर सुटणारे नाहीत. नवी रंगसंगती ग्राहकाला रुचेल काय, दूरच्या ग्राहकासाठी छायाचित्र कसे घ्यावे, महिनोन्‌महिने चाललेल्या श्रमाची किंमत कशी मांडावी, यंत्रमागावरील स्वस्त नकलेपासून खऱ्या पैठणीचे वेगळेपण कसे पटवून द्यावे, हे त्याने कोणास विचारावे? नाशिक शहरातील एखादा संकल्पनकार, कोल्हापुरातील छायाचित्रकार आणि पैठण येथील दुसरा विणकर यांची उत्तरे एकत्र आली, तर त्याला निभावून नेता येईल. तेवढा आधार न मिळाल्यास मागावरून उठलेला मुलगा पुन्हा माग धरील, याची शाश्वती नाही.

शासनाचे प्रशिक्षणही येथे पूरक ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, कुंभार, मूर्तिकार, शिंपी यांसह अठरा व्यवसायांचा समावेश आहे. तिच्यातील प्राथमिक प्रशिक्षण थोड्या दिवसांचे असते. प्रशिक्षण संपल्यावर उद्भवणाऱ्या शंकांना ठिकाण मिळाले, तर शिकलेले अंगी मुरेल.

मंडळाची घडण

असे मंडळ उभारताना काही पथ्ये पाळावी लागतील.

पहिले, गट लहान असावा. दहा-पंधरा जण एकमेकांना नावाने ओळखतात. हजारांच्या गर्दीत बोलणारे मोजकेच उरतात. आठवड्याचा वार व वेळ ठरलेली असावी. घरकाम आटोपल्यावरच सवड मिळणाऱ्या स्त्रियांचा विचार करून वेळ ठरवावी आणि चर्चेचे ध्वनिमुद्रण नंतर ऐकता यावे.

दुसरे, पूर्ण झालेल्या कामापेक्षा अपुरे काम दाखविण्याचा प्रघात पाडावा. तयार चित्राला केवळ शाबासकी मिळते. अर्धवट चित्राला सूचना मिळतात, आणि त्या उपयोगी आणण्यास अवसरही असतो. प्रत्येकाने स्वतःचे काम दाखवावे आणि दुसऱ्या दोघांच्या कामावर मत द्यावे. ‘छान’ वा ‘जमले नाही’ एवढ्यावर न थांबता कोठे व का, हे सांगावे.

तिसरे, समंत्रक नेमावा व त्यास मानधन द्यावे. कोण गप्प आहे, कोण फार बोलतो, कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहिला, याकडे लक्ष देणे हे कष्टाचे काम आहे. ते फुकट मागितल्यास फार काळ चालत नाही.

चौथे, प्रश्नोत्तरे विषयवार लावून मराठीतच जपावीत. व्यवसायातील रूढ शब्द त्यात जसेच्या तसे राहू द्यावेत. पाच वर्षांनी येणाऱ्या नव्या सभासदाची तीच पाठ्यपुस्तके होत.

पाचवे पथ्य कायद्याचे आहे. संकल्पन अधिनियम, २००० अन्वये नवीन संकल्पनाची नोंदणी करता येते. मात्र अर्ज करण्यापूर्वीच ते सर्वांसमोर प्रसिद्ध झाले असल्यास, सामान्यतः नोंदणीचा हक्क जातो. म्हणून ज्याची नोंदणी करावयाची आहे ते काम आधी अर्ज करून मगच मांडावे. गटातही ते दाखवावयाचे झाल्यास गोपनीयतेची अट स्पष्ट लिहून ठेवावी.

सहावे आणि तितकेच महत्त्वाचे, वर्षातून तीन-चार वेळा सर्वांनी प्रत्यक्ष भेटावे. रेशमाचा पोत, मातीचा ओलावा, रंगाचा थर हे पडद्यावर कळत नाही. ते हाताने चाचपूनच समजते. त्यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशकात आहे. कुसुमाग्रजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले लोकहितवादी मंडळ आहे. गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेस दरवर्षी जमणारा श्रोतृवर्ग आहे. एकत्र बसून ऐकण्याची व विचारण्याची सवय या शहराला लावावी लागणार नाही.

श्रोतेहो, असे मंडळ प्रारंभी दहा माणसांचेच असेल. त्यास मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते. तालुक्यातील वाचनालयाने, कलाशिक्षकाने वा विणकरांच्या सहकारी संस्थेने एक वार ठरवून ते सुरू करावे. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचावी, हे मुक्त विद्यापीठाचे ब्रीद आहे. ती ज्या घरांत पोहोचली आहे, त्या घरांतील कलावंतांनी आता एकमेकांशी बोलू लागावे. येवल्याच्या मागावर पुढची पिढी बसेल की नाही, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.