ताप आला? सकाळची वाट बघू नका

आज कोडिंगबद्दल काही नाही. आज घरातली गोष्ट.

आम्ही अंबडचे. आईला स्तनाचा कॅन्सर, केमो संभाजीनगरला चालू. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस. रात्री अकराला आई म्हणाली, "अंगात कसंतरी व्हायलंय रे." थर्मामीटर लावलं, 101. अण्णा म्हणाले, "तापाची गोळी दे, सकाळी बघू." मी दिली. ऑफिसचा सर्व्हर पडला तर रात्री दोनला उठणारा मी, आईच्या तापाला 'सकाळी बघू' म्हणून मोकळा!

घाम आला, ताप उतरला. आम्ही निवांत झोपलो. पहाटे चारला आई थडथड कापत होती, बोलणं तुटक. 108 ला फोन केला. हॉस्पिटलात कळलं, बीपी घसरलंय, पांढऱ्या पेशी जवळपास संपल्यात. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक. आई वाचली, पण काठावरून.

झालं काय होतं? केमो कॅन्सरच्या पेशी मारते, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करते. साधारण 7 ते 14 दिवसांत त्या सगळ्यात कमी असतात. लढणाऱ्या पेशीच नसल्या की पू नाही, सूज नाही. बऱ्याचदा इशारा एकच, ताप. आणि गोळीनं आपण तोच झाकला.

म्हणून लक्षात ठेवा: केमो चालू असताना ताप 100.4 किंवा जास्त, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना फोन आणि थेट हॉस्पिटल. कॅन्सरचं हॉस्पिटल लांब असेल तर आधी जवळच्या तातडीच्या विभागात जा. दारातच सांगा, "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आहे." पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

आणखी तीन गोष्टींत थांबायचं नाही. पाठ नव्यानं दुखून पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो, उशीर झाला तर पाय कायमचे जातात. चेहरा-मान सुजून दम लागणं. छातीतली मोठी शीर दबलेली असू शकते. खूप तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी. रक्तात कॅल्शियम वाढलेलं असू शकतं.

आता आमच्या दाराजवळ एक फाइल टांगलेली असते. औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, सीबीसीचा रिपोर्ट, डॉक्टरांचा रात्रीचा नंबर. चौथ्या केमोनंतर पुन्हा ताप आला. या वेळी अण्णांनीच आधी चप्पल घातली.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल, तर हा भाग संपल्यावर पहिलं काम तेच करा. फाइल दाराजवळ ठेवा. भेटू पुढच्या भागात.