जखम भरल्यानंतर



आम्ही बँकेत कारकून, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण आमच्या घरात एक वण आहे, त्याच्याबद्दल दोन शब्द सांगण्यास उभे आहोत.

१९९४ ची गोष्ट. वाशीम जिल्हा व्हायला अजून चार वर्षे होती. शिरपूर तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्टोव्हवरचे उकळते पाणी आमच्या सात वर्षांच्या बहिणीच्या उजव्या कोपरावर, आतल्या बाजूस सांडले. हात दुमडून छातीशी धरला की पोरीचे दुखणे कमी होई. आईने जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला. दीड-दोन महिन्यांत जखम भरली. मलमपट्टी करणाऱ्यांनी “झाले, आता येऊ नका” म्हटले आणि आम्हीही सुटलो असे समजलो. पुढे हात सरळ होईना.

असे का व्हावे? कातडीला वरवर इजा झाली तर सहसा खूण राहत नाही. जखम खोल असली की शरीर मूळची कातडी पुन्हा घडवू शकत नाही, ठिगळ लावते. रक्त गोठते, बारीक नव्या रक्तवाहिन्या येतात, काही पेशी कोलॅजेन नावाचे धागे तयार करतात. चांगल्या कातडीत हे धागे टोपलीच्या विणीसारखे असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने, दाटीने पडतात. म्हणून वण ताठ असतो. खोल वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही. त्याची मजबुती फार तर मूळच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते.

शिवाय वण आकसतो. जखमेच्या कडा जवळ ओढणाऱ्या पेशी त्यात असतात. लहान जखमेत हा उपकारच. सांध्यावर मात्र त्या सांधाच ओढतात. वण मुरायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि आम्ही तर दुसऱ्या महिन्यातच निश्चिंत झालो होतो! भाजलेल्या माणसाला ज्या अवस्थेत बरे वाटते, त्याच अवस्थेत सांधा अडकतो. म्हणून कोपर भाजला तर तो सरळ ठेवायचा, मान भाजली तर उशी द्यायची नाही, काख भाजली तर हात अंगापासून दूर ठेवायचा. आणि डॉक्टरांना विचारून रोज हालचाल करायची. पोर रडते, तरीही.

वण आतही होतात. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी वण येतो, तो आकुंचन पावून रक्त ढकलू शकत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कधी आतडी एकमेकांना चिकटतात.

अशा आखडलेल्या अवयवांसाठी आपल्याकडे मोठे काम झाले आहे. डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडात शिकून आले. पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले.

आमच्या बहिणीचा वण पुढे कापून तिथे मांडीची कातडी लावली. लावलेली कातडीही आकसते, म्हणून कित्येक महिने ती रात्री हाताला फळी बांधून झोपे. आता ती शिवणयंत्र चालवते. कोपरात थोडा बाक आहेच. माहेरी आली की आई बोलता बोलता तिचा तो हात मांडीवर घेते आणि हळूच सरळ करून पाहते.