बाई टेबलावर बसते तेव्हा

(आठ मार्चच्या निमित्ताने तळवड्यात झालेल्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज काय बोलणार असं मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हॉटेलात खाण्याबद्दल बोलेन." फोनवर पलीकडे जरा वेळ शांतता. मग आपली मैत्रीण म्हणाली, "अगं, दरवर्षी आपण हिंसाचारावर बोलतो, कायद्यावर बोलतो. हे हॉटेल कुठून आणलंस?" तर आधीच सांगते, हिंसाचार आणि कायदा दोन्ही येणार आहेत. पण सुरुवात मिसळीपासून करू द्या.

चौकातून आत वळलं की शॉपच्या रांगा सुरू होण्याआधी जे छोटं हॉटेल लागतं, ते तुमच्यापैकी निम्म्याजणींना माहीत आहे. नाव घेत नाही. मालकीणबाई मागच्या रांगेत बसल्यात आणि आत्ताच पदर तोंडाला लावून हसतायत. मुलाने हौसेने पाटीवर 'कॅफे' लिहून घेतलंय, पण सगळे हॉटेलच म्हणतात. पाच टेबलं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. सकाळी पोहे, मिसळ, दुपारी थाळी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दहाच्या आत संपते, कारण देहू इथून हाकेच्या अंतरावर आणि गिऱ्हाइकांत माळकरी पुष्कळ. मांसमच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. थाळीतली उसळ मात्र अशी की मी माझ्या आईला सांगितलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेले. एका बाईच्या केससाठी सकाळपासून हिंडत होते, अडीच वाजले होते, पोटात काही नव्हतं. दारात उभी राहिले आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर आत पुरुष किती आहेत ते मोजलं. नऊ होते. बाई एकही नाही. तुम्हीही मोजता, मला माहीत आहे. आपण सगळ्या मोजतो आणि मग म्हणतो, "भूक नाही एवढी, घरी जाऊन खाऊ."

त्याच्या आदल्याच महिन्यात हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात मला वेटरने सांगितलं होतं, "मॅडम, फॅमिली मागे." मी म्हटलं, मी एकटीच आहे. तर म्हणाला, "मग पार्सल देऊ का?" म्हणजे पुरुष एकटा आला तर तो गिऱ्हाईक. बाई एकटी आली तर ती ना फॅमिली, ना गिऱ्हाईक, फक्त पार्सल. मी समाजकार्यात एम. ए. केलेली, हक्कांवर शिबिरं घेणारी बाई, आणि मी तिथून मुकाट्याने बिस्किटाचा पुडा घेऊन निघाले होते. त्या दिवशी मी भांडले असं सांगायला आवडलं असतं. नाही भांडले.

इथे मात्र गल्ल्यावरून आवाज आला, "या ताई, फिरत्या पंख्याखाली बसा." आणि चार खुर्च्यांवर पाय पसरून बसलेल्या एका दादांना त्या म्हणाल्या, "दादा, जरा आवरून घ्या." दादांनी आवरलं. एवढंच झालं. मी जेवले. कोणी बघितलं असेल, नसेल. अर्ध्या भाकरीनंतर माझं लक्षच नव्हतं.

शिकत असताना आम्ही वस्त्यांमधून सर्वेक्षणं करायचो. 'घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं?' असा प्रश्न असायचा. उत्तर ठरलेलं, आम्ही विचारायच्या आधीच बरोबरची खूण करून ठेवायचो. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्या आकड्यामागे नुसतं शेवटचं ताट आहे असं मी म्हणणार नाही. बाळंतपणं आहेत, पाळी आहे, अंगमेहनत आहे. पण शेवटचं ताटही आहे. आणि 'तू स्वतःच्या पैशांनी, बसून, दुसऱ्याच्या हातचं गरम कधी खाल्लंस?' हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

तो रकाना मला बचत गटाने दाखवला. गेल्या वर्षी एकदा आपली नेहमीची बैठकीची जागा बंद होती, बाहेर पाऊस. मी म्हटलं, चला हॉटेलात बसू, चहा मी देते. अकराजणी होत्या. दोघी घरकाम करणाऱ्या, बाकीच्या शॉपमध्ये पॅकिंगला, कोणी जॉबची बर काढायला. सगळ्या दारापाशी थबकल्या. आत आल्यावर अकराजणी दोन टेबलांना चिकटून बसल्या, तिसरं रिकामं होतं तरी. एकीने पाटीवरचे भाव वाचले आणि सगळ्यांत स्वस्त काय ते हळूच शेजारणीला सांगितलं. सहा प्लेट पोहे अकराजणींत. लातूरकडच्या मावशींनी अर्धे पोहे कागदात बांधून नातवासाठी पिशवीत टाकले. आणि खाऊन झाल्यावर काय केलं माहीत आहे? एकेकजण आपापली बशी उचलून मोरीकडे निघाली! मालकीणबाई गल्ल्यावरून धावत आल्या, "अहो ठेवा, ठेवा, माझ्या पोराची नोकरी घालवता का?" तेव्हा जो हशा पिकला त्यानंतर खरी बैठक झाली. त्या दिवशी हप्त्यांचा हिशोब वीस मिनिटांत उरकला आणि पुढचा तासभर बायका आपल्या शॉपबद्दल बोलल्या. कुठे डबा खायला जागा नाही, मशीनच्या बाजूला खोक्यावर बसून खातात. कुठे जेवणाची सुट्टी अर्धा तास कागदावर, प्रत्यक्षात पंधरा मिनिटं. संडास एकच, तोही पुरुषांबरोबरचा, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही.

इथे कायद्याचं सांगते. 1948 च्या कारखाना कायद्यात अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कँटीन आणि दीडशेच्या वर असतील तिथे विसाव्याची व डबा खाण्याची खोली द्यावी, असं होतं. 2020 च्या नव्या संहितेने कँटीनसाठीचा आकडा शंभरावर आणला, ठेकेदाराचे कामगार त्यात धरून. चांगलं झालं. पण आपल्या गल्लीतल्या शॉपमध्ये किती जणी असतात? बारा. अठरा. फार तर पंचवीस. आकडा अडीचशेचा असो की शंभराचा, आपण त्याच्या खालीच. इथल्या बाईसाठी कँटीन म्हणजे मग हे असं पाच टेबलांचं हॉटेल, तेही तिला आत यावंसं वाटलं तर.

8 डिसेंबर 2023 ला याच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, ती तुमच्यापैकी कोणी विसरलेलं नाही. सहाजणांचा जीव त्याच दिवशी गेला, बहुतेक बायकाच. पुढे इस्पितळात आणखी गेल्या. दुसऱ्यांच्या लेकरांच्या वाढदिवसाची गंमत रोजंदारीवर बनवत होत्या. त्या आठवड्यात मी हॉटेलात गेले तेव्हा मालकीणबाईंनी थाळी पुढे ठेवली आणि समोरच बसल्या. म्हणाल्या, "ताई, त्यांच्यातलं कोणी कधी इथे येऊन बसलं असेल का, तेच आठवतेय. एकही चेहरा आठवत नाही. रस्त्याने जाताना डबा हातात असायचा." आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

आता दुसरी गोष्ट. ती बोलू की नको असं मला वाटत होतं, पण मालकीणबाईंनीच सांगितलं, बोला.

पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' असं होतं. गटातली एक मैत्रीण, ती इथेच आहे, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला पाटीकडे बघून मला म्हणाली, "शुद्ध म्हणजे काय गं? मी रविवारी सुकट केली होती. मग मी आत बसले की हे अशुद्ध होतं का?" ती हसत विचारत होती आणि हसत नव्हती. तिच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. चहा पिऊन ती धुऊन खुंटीला लावायची. मला उत्तर सुचलं नाही. माझं घर शाकाहारी. आमच्याकडे 'शुद्ध' हा शब्द तुपाला आणि माणसांना सारखाच वापरायचे, आणि मला ते कितीतरी वर्षं खटकलं नव्हतं.

या महाराष्ट्रात कोणाच्या हातचं खायचं-प्यायचं हा कधीच साधा प्रश्न नव्हता. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. एका कप चहासाठी! आणि 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं, ते सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क सांगायला. पुढे राज्यघटना झाली तेव्हा पंधराव्या कलमात स्पष्ट आलं की दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही. 'लिंग' हा शब्द नीट ऐका. जात आणि लिंग एकाच ओळीत आहेत. ज्या वाक्याने त्या मैत्रिणीच्या आजोबांची कपबशी खुंटीवरून खाली यायला हवी होती, त्याच वाक्याने मला हायवेवर टेबल मिळायला हवं होतं. हे कलम मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. बिस्किटाचा पुडा घेतला तेव्हा आठवलं नाही.

शाकाहाराबद्दल माझं भांडण नाही. ज्यांना तेच खायचंय त्यांनी बिनघोर खावं. माळकरी आजीला खात्रीची खिचडी मिळते ही चांगलीच गोष्ट आहे. भांडण 'शुद्ध' शब्दाशी. तो प्रश्न आम्ही मालकीणबाईंपुढे ठेवला. त्या आधी रागावल्या. "माझ्या हॉटेलात मी कोणाला जात विचारली का?" खरं होतं, विचारली नव्हती. मग मालक म्हणाले, तो शब्द काढला तर गिऱ्हाईक तुटेल. महिनाभर तसंच राहिलं. गणपतीच्या आधी पाटी पुन्हा रंगवली तेव्हा 'शुद्ध' नव्हतं. मी विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "पेंटर अक्षरावर पैसे घेतो." हे खरं कारण की बहाणा, ते मी अजून विचारलेलं नाही. गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

आणि स्वयंपाक करून दुसऱ्याला जेवू घालणं या बाईच्या कामाला आपण कधी काम म्हणतो? मुंबईच्या गिरणगावात बायका वर्षानुवर्षं खानावळी चालवत होत्या, खोलीत पाच-दहा गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेतून कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या तावडीतून सुटू लागल्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कामगारांबरोबर या खानावळींचंही कंबरडं मोडलं. संपाच्या इतिहासात त्यांचं नाव किती ओळींत येतं, बघा एकदा. आपल्या मालकीणबाई पहाटे चारला उठतात. दुकानाचा परवाना नवऱ्याच्या नावावर, गॅसची जोडणी नवऱ्याच्या नावावर. त्या स्वतः कधी जेवतात? साडेतीनला, आत, ओट्याला टेकून, उभ्याने. स्वतःच्याच हॉटेलात त्या टेबलावर बसलेल्या मी एकदाच पाहिल्या, तो प्रसंग मघाशी सांगितला.

हिंसाचार येणार म्हटलं होतं. आपल्या अकराजणींपैकी आता दहाच येतात. अकरावीच्या नवऱ्याला कोणीतरी सांगितलं, तुझी बायको हॉटेलात बसून मिसळ खाते. त्या रात्री त्याने तिला मारलं. "घरात काय उपाशी ठेवतो का तुला?" असं म्हणत मारलं. साठ रुपयांची मिसळ, तीही तिच्या पगारातली. मी घरी गेले तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "ताई, तुम्ही नका येऊ आत्ता." ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. मी त्यांना तिथे नेलं होतं. घरातलं काय होईल याचा विचार मी केला नव्हता, चहा देते म्हणाले आणि मोकळी झाले. गटातल्या दोघी तिच्याच गल्लीतल्या आहेत, त्या रोज पाणी भरताना तिच्याशी बोलतात. हप्ता ती त्यांच्या हाती पाठवते. एकदा हप्त्याबरोबर निरोप आला, "मिसळीत आता तर्री वेगळी देतात का?" म्हणून.

तर पुढचं ठरलंय ते सांगते आणि बसते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तीन ते पाच त्या हॉटेलातली मागची दोन टेबलं बायकांसाठी राहतील. घरून डबा आणला तरी चालेल, काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही. मागच्या संडासाची किल्ली गल्ल्यावर टांगलेली असेल. मागावी लागू नये म्हणून मालकीणबाईंनी ती खिळ्यावर, हात पोचेल अशा उंचीवर लावली आहे. शॉपमधल्या सुट्टीच्या आणि संडासाच्या तक्रारी तिथेच लिहून घेऊ, वही माझ्याकडे आहे. आणि त्या दिवशी साडेतीनला मालकीणबाईंचं ताट मी वाढणार आहे. त्या नको म्हणतायत. बघा, मागे मान हलवतायत अजून.