कार्ल शुर्झ आणि मार्गारेटबाई



आज एका परमुलखातल्या जोडप्याविषयी चार शब्द सांगते. कार्ल शुर्झ १८२९ साली जर्मनीत जन्मले. लोकांचे राज्य यावे म्हणून १८४९ च्या बंडात पडले. किल्ला शत्रूच्या हाती गेला तेव्हा गटारातून निसटले आणि पुढल्याच वर्षी कैदेतल्या गुरुजींना सोडवायला जिवावर उदार होऊन परत गेले. १८५२ त ते अमेरिकेला आले. इंग्रजी शिकले, गुलामगिरीविरुद्ध बोलले, लढले, सिनेटर झाले, मंत्री झाले. १८८१ त मंत्रिपद संपताच न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग पोस्ट’चे संपादक झाले, सहकाऱ्याशी मत जुळेना, तेव्हा १८८३ त तीही खुर्ची सोडली.

त्यांच्या पत्नी मार्गारेटबाईंनी १८५६ त वॉटरटाऊन गावी आपली लेक आणि नात्यातली चार मुले घेऊन राहत्या घरी बालवाडी काढली. अमेरिकेतली ती पहिली! त्यांच्याशी बोलून एलिझाबेथ पीबॉडीबाईंनी १८६० त बोस्टनला इंग्रजी बालवाडी उघडली. अशी ती रीत पसरली.

भगिनींनो, खुर्च्या येतात नि जातात. पण ओसरीवर पाच मुले गोळा करायला खुर्ची लागत नाही. जागा मिळेपर्यंत थांबू नये. या वर्षी मंडळाची बालवाडी कुणा एकीच्या ओसरीवर सुरू व्हावी, एवढीच माझी विनंती.