विचारू या, उत्तर देऊ या : गटात बसून इंग्रजी बोलण्याचा सराव

हातातलं काम चालू राहू द्या. कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, तर कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत इंग्रजीबद्दल. लगेच रेडिओ बंद करू नका! व्याकरणाचा तास घ्यायला आम्ही आलेलो नाही. आमच्या बचत गटात सभा संपल्यावर पंधरा मिनिटं आम्ही इंग्रजी बोलण्याचा जो सराव करतो, तो तुम्हालाही तुमच्या गटात करता यावा, म्हणून हे सांगतो आहोत.

आधी एक हिशोब करू. सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या तोंडात किती इंग्रजी शब्द येतात? मोटर, पाईप, ड्रिप, स्प्रे पंप, डेअरी, फॅट, गॅस, सिलिंडर, मोबाइल, रिचार्ज, पासबुक, लोन, मीटिंग, रेशन कार्ड, डॉक्टर, इंजेक्शन, एसटीचा स्टॉप, तिकीट. आमच्या गटात हे मोजायला बसलो, तेव्हा शाळेची पायरी न चढलेल्या आजींनीसुद्धा एका दमात चाळीसच्या वर शब्द सांगितले. शब्द आपल्याकडे आहेत. नाही ती फक्त ते जोडून बोलायची सवय.

मग हे शिकायचं कशासाठी? साहेबी थाटासाठी नाही. कारणं अगदी घरातली आहेत.

पहिलं कारण कर्जाचा कागद. समजा, दहा हजारांचं कर्ज घेतलं, मुदत बारा महिने, व्याज वर्षाला बारा टक्के. कागदावर ‘फ्लॅट रेट’ लिहिलं असेल, तर पूर्ण दहा हजारांवर पूर्ण वर्षाचं व्याज लागतं, म्हणजे 1200 रुपये. आणि ‘रिड्युसिंग बॅलन्स’ लिहिलं असेल, तर जेवढं मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच व्याज. दरमहा सारखं मुद्दल फेडत गेलं, तर वर्षभराचं व्याज होतं 650 रुपये. टक्के तेच, मुदत तीच, फरक दोन शब्दांचा, आणि त्या दोन शब्दांची किंमत साडेपाचशे रुपये! तसाच ‘गॅरंटर’ हा शब्द. त्या जागी सही करणारी बाई दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहते. समोरच्यानं कर्ज बुडवलं, तर वसुलीला माणसं हिच्या दारात येतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचे कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 सालचा नियम आहे. त्यामुळे “कागद मराठीत द्या” म्हणणं हा तुमचा हक्क आहे. इंग्रजी येत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. पण येणारा प्रत्येक कागद मराठीत असेलच असं नाही, म्हणून चार शब्द आपल्या पदरी असलेले बरे.

दुसरं कारण औषधाची चिठ्ठी. डॉक्टर ‘ओडी’ लिहितात म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज लागली तरच. ही अक्षरं ओळखता आली, तर औषधाच्या दुकानात नेमका प्रश्न विचारता येतो. आपल्या मनानं औषध मात्र ठरवायचं नाही. शंका आली की दुकानदाराला, आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारायचं.

तिसरं कारण आपली लेकरं. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पोर घरी येऊन इंग्रजी वाचतं, आणि “मला त्यातलं काही कळत नाही बाबा” म्हणत आई उठून जाते. पोराला वाटतं, आईला कळतच नाही. ते वाटणं पुढे वाढत जातं. ते तिथेच थांबवायचं आहे.

आता सरावाची रीत सांगतो. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. लिहायला-वाचायला ती रीत चांगली. पण बँकेच्या खिडकीपाशी उभं राहून मनात भाषांतर करत बसलं, तर मागची रांग ओरडते. बोलायला शिकायची रीत वेगळी. 1878 साली अमेरिकेत बर्लिट्झ नावाच्या शिक्षकानं भाषेची शाळा काढली. सांगतात की ते आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या फ्रेंच सहाय्यकाला इंग्रजी येतच नव्हतं. तो वस्तू दाखवायचा, नाव सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि उत्तर काढून घ्यायचा. मुलं भराभर बोलू लागली. आपणही तान्ह्या लेकराला असंच शिकवतो की! “हे काय? माऊ. माऊ काय करते? दूध पिते.” लेकराला कुणी आधी व्याकरण शिकवत नाही.

या रीतीला तीन पायऱ्या आहेत. हातात पासबुक घेऊ आणि चढू.

पहिली पायरी, हो किंवा नाही. एकीनं विचारायचं, “इज धिस युवर पासबुक?” दुसरीनं सांगायचं, “येस, धिस इज माय पासबुक.” नुसतं “येस” म्हणून सुटायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. गंमत बघा, उत्तराचे बहुतेक शब्द प्रश्नातच मिळाले. म्हणून तर ही रीत सोपी आहे. प्रश्न विचारणारीच उत्तर देणारीच्या ओंजळीत शब्द टाकते.

दुसरी पायरी, हे की ते. “इज इट ओल्ड ऑर न्यू?” “इट इज न्यू.” औषधाची बाटली हातात असेल तर, “बिफोर फूड ऑर आफ्टर फूड?” “आफ्टर फूड.” दोन्ही शब्द समोर आहेत, त्यातला बरोबर तो उचलायचा.

तिसरी पायरी, मोकळा प्रश्न. काय, कधी, कुठे, किती, का. म्हणजे व्हॉट, व्हेन, व्हेअर, हाऊ मच, व्हाय. “हाऊ मच डिड यू डिपॉझिट?” “आय डिपॉझिटेड टू हंड्रेड रुपीज.” इथे एक खाच लक्षात ठेवा. प्रश्नात ‘डिड’ आलं की क्रियापद साधं राहतं. उत्तरात ‘डिड’ जातं आणि क्रियापद बदलतं. डिड यू डिपॉझिट, आय डिपॉझिटेड. डिड यू पे, आय पेड. डिड यू बाय, आय बॉट. हे समजावून सांगण्यापेक्षा दहा वेळा विचारलं आणि दहा वेळा उत्तर दिलं की जीभ आपोआप वळते.

तिन्ही पायऱ्या झाल्या की बाजू बदलायच्या. उत्तर देणारीनं आता विचारायचं. ही अदलाबदल सोडू नका. आपल्याला उत्तर द्यायची सवय आहे. सासरी, कचेरीत, दवाखान्यात आयुष्यभर आपण उत्तरंच दिली. विचारायची सवय नाही. “व्हॉट इज द इंटरेस्ट रेट?” “इज इट फ्लॅट ऑर रिड्युसिंग?” “हू इज द गॅरंटर?” “कॅन आय हॅव धिस पेपर इन मराठी?” हे चार प्रश्न आमच्या गटात आता प्रत्येकीला येतात. खरं सांगायचं तर साहेबाला ते मराठीत विचारले तरी चालतात. पण इंग्रजीत विचारायचा सराव झाला की मराठीत विचारायचीही भीड चेपते.

आता म्हणी आणि वाक्प्रचार. इथे खरी मजा येते. आधी मराठीतला वाक्प्रचार सांगायचा, मग इंग्रज काय म्हणतात ते बघायचं. आपण ‘नक्राश्रू’ म्हणतो, ते म्हणतात ‘क्रोकोडाइल टिअर्स’. मगर इकडेही रडते आणि तिकडेही! आपण ‘तोंडपाठ’ म्हणतो, ते ‘बाय हार्ट’ म्हणतात. आपलं तोंडात, त्यांचं काळजात. आपण ‘कानाडोळा करणं’ म्हणतो, ते ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणतात. महिन्याअखेर पैशांची तोंडमिळवणी करताना आपल्या नाकी नऊ येतात, त्या तोंडमिळवणीला ते ‘मेक एन्ड्स मीट’ म्हणतात. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, “काय गं, उंबराचं फूल झालीस!” त्यांच्याकडे क्वचित घडणाऱ्या गोष्टीला ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणतात. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला ब्लू मून म्हणायची पद्धत आहे. ती साधारण अडीच-तीन वर्षांनी येते, जवळपास आपल्या अधिक मासासारखीच.

पण सावध! काही वाक्प्रचार दिसायला सारखे आणि अर्थाला वेगळे असतात. आपल्याकडे ‘पाय ओढणं’ म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे नुसती थट्टा करणं. कुणी हसत “आय अॅम जस्ट पुलिंग युवर लेग” म्हणालं, तर भांडायला उठू नका! आणि ‘फाइन प्रिंट’ म्हणजे चांगली छपाई नव्हे. करारात खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या अटींना तसं म्हणतात. “डिड यू रीड द फाइन प्रिंट?” हा प्रश्न तर भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

वाक्प्रचारही प्रश्नातूनच पक्का करायचा. “डू यू गो टू मुंबई एव्हरी मंथ?” “नो, वन्स इन अ ब्लू मून.” अर्थ पाठ करून तो विसरतो. आपल्याच आयुष्याबद्दलच्या उत्तरात एकदा वापरला की तो आपला होतो.

गटात हे बसवायचं कसं? एका वेळी दहापेक्षा जास्त शब्द घ्यायचे नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न देवनागरीत लिहायचे आणि भिंतीला लावायचे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी कानानं धरायचे. अभंग आणि ओव्या आपल्या आज्यांनी कानानंच धरल्या होत्या. गोल बसायचं, एक वाटी फिरवायची, जिच्या हातात वाटी तिनं उत्तर द्यायचं. शिकलेला शब्द त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी पाणी भरताना, आणि मग पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा विचारायचा. थोडं विसरायला आलं की आठवायचं, त्यानं शब्द घट्ट बसतो. एका रात्रीत शंभर वेळा घोकून तसा बसत नाही.

आणि एक नियम, हसायचं नाही. कुणी ‘इस्कूल’ म्हणालं, कुणी ‘टेशन’ म्हणालं, तर “चुकलं” असं ओरडायचं नाही. विचारणारीनं बरोबर वाक्य शांतपणे परत म्हणायचं, “येस, यू आर गोइंग टू द स्टेशन,” आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. ऐकून ऐकून जीभ सुधारते. हसल्यावर ती गप्प बसते, आणि एकदा गप्प बसलेली बाई पुन्हा बोलती करायला फार दिवस लागतात.

घरी लेकरांसोबतही हे करता येतं. रोज संध्याकाळी एक प्रश्न, “व्हॉट डिड यू लर्न टुडे?” आणि एखाद्या शब्दाला अडलात तर, “विळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?” हे असं विचारायचं, “हाऊ डू यू से विळा इन इंग्लिश?” पोर शोधेल, शिक्षकांना विचारेल, तुम्हाला शिकवेल. आईला शिकवताना त्याचाही अभ्यास होतो, आणि आई विचारते, ऐकते, शिकते हे त्याला दिसतं.

काही जणी विचारतात, इंग्रजी आली की मराठी मागे पडणार नाही का? आमचं म्हणणं असं, वाक्प्रचार जुळवायला बसलो तेव्हा आम्हाला आमचीच मराठी नव्यानं कळली. ‘तोंडमिळवणी’ हा शब्द किती नेमका आहे, हे त्याच्याशेजारी इंग्रजी शब्द ठेवला तेव्हा जाणवलं. आणि ही ओढ आजची नाही. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा मराठी कवितासंग्रह 1854 साली निघाला. त्यात इंग्रजी शिका असं सांगणारी कवितासुद्धा आहे. मराठीत कविता लिहिणाऱ्या बाईनं हे सांगितलं, यातच सगळं आलं.

या आठवड्यासाठी पाच प्रश्न देतो. शेजारणीसोबत रोज एकदा म्हणा, बाजू बदलून म्हणा.

व्हॉट इज युवर नेम?
व्हेअर डू यू लिव्ह?
व्हॉट डिड यू बाय इन द बाजार?
हाऊ मच डिड यू पे?
डिड यू रीड द पेपर बिफोर यू साइन्ड?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “येस, आय रेड इट” असं देता आलं पाहिजे. लिहिताना ‘रीड’ आणि ‘रेड’ यांची अक्षरं तीच, फक्त काल वाचलं असेल तर उच्चार ‘रेड’. आणि वाचता येत नसेल तर “समवन रेड इट टू मी” म्हणा, म्हणजे मला कुणीतरी वाचून दाखवलं. तेही तितकंच चांगलं उत्तर आहे. वाचून दाखवल्याशिवाय मात्र सही नाही आणि अंगठाही नाही.

बसा, विचारा, उत्तर द्या. नमस्कार.